बोअरपासून शोषखड्ड्यापर्यंत : चामोर्शीतील नळकाम

नळकामाचे दोन हेतू असतात. पाणी हवे तिथे पुरेशा दाबाने पोहोचवणे हा पहिला आणि वापरलेले पाणी कोणालाही उपद्रव न होता बाहेर काढणे हा दुसरा. पुण्या-मुंबईच्या मोठ्या इमारतींत या दोन हेतूंची कामे वेगवेगळ्या माणसांकडे असतात. बोअर आणि पंपाची टोळी वेगळी, आतल्या पाइपांची वेगळी, तोट्या-बेसिन बसवणारा वेगळा आणि मलवाहिनीचा ठेकेदार वेगळा. तालुक्याच्या गावात अशी वाटणी परवडत नाही. गडचिरोलीपासून सुमारे ३० किलोमीटरवर, वैनगंगेच्या खोऱ्यात असलेल्या चामोर्शीत प्लंबरला बोअरमध्ये पंप सोडण्यापासून शोषखड्ड्याची जागा ठरवण्यापर्यंत सगळे यावे लागते. गावात नगरपंचायत आहे, भोवती घोट, आष्टी, भेंडाळा, कुनघाडा, मार्कंडादेव अशा ग्रामपंचायतींची गावे आहेत आणि दोन्हीकडच्या पाणीव्यवस्था निराळ्या आहेत. प्रशिक्षण मिळते ते मुख्यतः पाइपाचे, हाती येणारे काम मात्र पाण्याच्या पूर्ण प्रवासाचे असते. या भागातील नळकारागिराची घडण, कमाई आणि अडचणी या फरकातून समजतात.

आयटीआयचे एक वर्ष

या धंद्याचे औपचारिक शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये मिळते. केंद्राच्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेत ‘प्लंबर’ हा एक वर्षाचा व्यवसाय आहे. किमान वय १४ वर्षे आणि किमान शिक्षण आठवी उत्तीर्ण ही त्याची अट. महाराष्ट्रातील प्रवेशप्रक्रियेत दहावी नापास विद्यार्थ्यांनाही ज्या मोजक्या व्यवसायांची दारे उघडी आहेत, त्यांत हा आहे. शाळा दहावीला सुटलेल्या मुलांसाठी ही मोठी सोय ठरते. मात्र सगळे व्यवसाय प्रत्येक तालुक्याच्या संस्थेत नसतात. त्यामुळे हवा तो व्यवसाय मिळवण्यासाठी जिल्ह्याच्या किंवा शेजारच्या जिल्ह्याच्या संस्थेत जाऊन राहण्याचा खर्च अनेक घरांना आधी मोजावा लागतो.

२०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात वर्षाचे १,२०० तास आहेत. त्यांतले ८४० प्रात्यक्षिकाचे, २४० सिद्धान्ताचे आणि १२० रोजगारकौशल्याचे. सुरुवात पाइपापासून होत नाही. आधी कानस चालवणे, खुणा करणे, हॅक्सॉने सरळ कापणे ही फिटरची कामे येतात. मग थोडे सुतारकाम, थोडे गवंडीकाम आणि वेल्डिंगची तोंडओळख. भिंत फोडल्याशिवाय पाइप बसत नाही आणि फोडलेली भिंत पुन्हा बुजवावी लागते, म्हणून ही जोडकामे शिकवतात. त्यानंतर लोखंडी पाइपाला आटे पाडणे, प्लॅस्टिकचे पाइप जोडणे, व्हॉल्व्ह, मीटर, पंप, स्वच्छतागृहातील भांडी, निचरा आणि चाचणी असा क्रम येतो. परीक्षेत सिद्धान्ताला ३३ टक्के पुरतात, प्रात्यक्षिकाला मात्र ६० टक्के लागतात. हाताला किती महत्त्व आहे, ते या दोन आकड्यांतून दिसते.

उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यापुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एखाद्या आस्थापनेत उमेदवारी करता येते. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार प्रमाणपत्रधारक उमेदवाराला दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरले. अडचण अशी, की उमेदवार घेणाऱ्या मोठ्या आस्थापना नागपूर, बुटीबोरी, चंद्रपूर या पट्ट्यात जास्त आहेत. गावात राहायचे असेल तर पुढचे शिक्षण मिस्त्रीच्या हाताखाली होते.

मिस्त्रीच्या हाताखाली

प्रमाणपत्र असो वा नसो, बहुतेकांची सुरुवात हेल्पर म्हणून होते. पहिले काही महिने चर खोदणे, भिंतीत खाचा मारणे, पाइप वाहणे आणि सामान आणणे यांतच जातात. दुकानातून सामान आणणे हेही शिक्षणच असते. एल्बो, टी, सॉकेट, युनियन, निपल, रिड्यूसर, टँक निपल, एनआरव्ही ही नावे, त्यांची मापे आणि भाव तोंडपाठ झाल्याशिवाय अंदाजपत्रक करता येत नाही. एक चुकीचा रिड्यूसर आणला तर अर्धा दिवस वाया जातो. काम जंगलातल्या गावात असेल तर अख्खा दिवस जातो, म्हणून जुना मिस्त्री निघण्यापूर्वी पिशवीत दोन-चार फिटिंग जास्तीच्या टाकतो.

औपचारिक शिक्षण न घेता वर्षानुवर्षे काम केलेल्यांसाठी पूर्वअनुभवाला मान्यता देण्याची सोय २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. थोडे उजळणी-प्रशिक्षण, चाचणी आणि प्रमाणपत्र असे तिचे स्वरूप. हातातली कला तिने फारशी बदलत नाही, पण सरकारी ठेक्यावर किंवा बाहेरगावी काम मागताना तो कागद उपयोगी पडतो.

आटे आणि सांधे

नळकामाची पारख सांध्यात होते. पाइप सहसा सरळ अंगातून फुटत नाही, गळते ते जोडावर. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, म्हणजे जीआय, सहा मीटर लांबीचा येतो. अर्धा इंची मध्यम जाडीचा पाइप मीटरला सुमारे १.२ किलो भरतो, म्हणजे एक नग सात किलोंहून जड. तो व्हाइसमध्ये आवळायचा, काटकोनात कापायचा, आतली धार घासून काढायची आणि मग डाय फिरवून आटे पाडायचे. अर्धा इंची पाइपावर इंचाला १४ आटे असतात, एक इंची पाइपावर ११. डाय एकसारखा पुढे रेटत नाहीत. थोडा पुढे आणि किंचित मागे असा फिरवतात, त्यामुळे लोखंडाचा कीस तुटून पडतो. मध्ये मध्ये तेल सोडतात, नाहीतर आटे फाटतात. पूर्वी आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावत, आता टेफ्लॉन टेप वापरतात. टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळावी लागते. उलटी गुंडाळली तर आवळताना ती गोळा होते आणि महिन्याभरात सांधा पाझरू लागतो. नीट आवळल्यावर एक-दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. सगळे आत गेले तर आटे जास्त पाडलेले असतात किंवा फिटिंग ढिली असते.

आज घरांत लोखंडाची जागा बहुतांशी प्लॅस्टिकने घेतली आहे. थंड पाण्याला यूपीव्हीसी आणि गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसी वापरतात. दोघांचे सॉल्व्हेंट सिमेंट वेगळे असते आणि एकाचे दुसऱ्याला चालत नाही. कापलेले तोंड घासायचे, पुसायचे, किती आत जाणार त्याची खूण करायची, दोन्ही अंगांना पातळ थर द्यायचा आणि पाव फेरा फिरवून पाइप बसवल्यावर तो काही सेकंद तसाच दाबून धरायचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात तापलेल्या पाइपावर सिमेंट बसवण्याआधीच सुकते. म्हणून मे महिन्यात गच्चीवरची जोडणी सकाळी उरकतात. उघड्यावरचा पाइप उन्हाने कालांतराने ठिसूळ होतो, त्यामुळे त्याला रंग देणे किंवा झाकणे हाही कामाचा भाग ठरतो.

लाइन पूर्ण झाल्यावर गिलाव्याआधी तिची दाबचाचणी व्हायला हवी. तोंडे बंद करून पंपाने दाब चढवायचा आणि मापकाचा काटा उतरतो का ते पाहायचे. घरमालकाला घाई असते, गवंडी थांबायला तयार नसतो, म्हणून हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. गाळलेल्या चाचणीची किंमत पुढे टाइल्स फोडून मोजावी लागते आणि बोल प्लंबरला लागतो.

दाबाचा हिशेब

दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब देतो. त्यामुळे टाकीतील पाण्याची पातळी तोटीपेक्षा चार मीटर वर असेल तर दाब मिळतो जेमतेम ०.४ किलो, आणि त्यातूनही वळणे, अरुंद पाइप आणि अर्धवट उघडे व्हॉल्व्ह वाटा घेतात. टाकी किती मोठी आहे याने दाब ठरत नाही, ती किती उंचावर आहे याने ठरतो. हजार लिटरची टाकी स्लॅबवरच ठेवून वरच्या मजल्यावर शॉवर मागणाऱ्या मालकाला हे समजावणे प्लंबरच्या नित्याच्या कामात येते. टाकीखाली चौथरा बांधणे, खाली उतरणारी मुख्य लाइन एक इंची ठेवून फक्त फांद्या अर्धा इंची काढणे आणि एल्बो कमीत कमी वापरणे हे तीन उपाय कमी खर्चात दाब वाढवतात.

बोअर, हातपंप आणि सौरपंप

गडचिरोली जिल्ह्याचा मोठा भाग ग्रॅनाइट-नाइससारख्या प्राचीन कठीण खडकाचा आहे. इथे पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत सापडते. म्हणून बोअर हा घरगुती पाण्याचा मोठा आधार आहे आणि पंप सोडणे-काढणे ही प्लंबरची हमखास कमाई. कॉलम पाइप एकेक जोडत पंप खाली सोडायचा, सोबत केबल आणि आधाराचा दोर बांधत जायचे. मधला एक जोड तिरपा बसला तर पंप अडकतो, आणि दोर नसेल तर पंपासह बोअरही हातचे जाते.

सार्वजनिक हातपंपांत इंडिया मार्क दोन हा प्रकार सर्वत्र दिसतो. त्याच्या घडणीत महाराष्ट्राचा वाटा आहे. घरगुती वापराचे नाजूक ओतीव पंप अख्ख्या गावाच्या वापराला टिकत नसत. जालना आणि सोलापूर येथे त्यांना पोलादी पर्याय घडवले गेले. त्यांतील सोलापूर पंपाच्या रचनेवरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने इंडिया मार्क दोन विकसित झाला. तो दणकट आहे, पण खालच्या सिलिंडरमधील वायसर बदलायला संपूर्ण पाइप बाहेर काढावा लागतो. सिलिंडर ३० मीटरवर असेल तर तीन मीटरचे दहा नग, म्हणजे नुसत्या पाइपांचेच वजन ९० किलोंवर जाते, शिवाय आतले गज वेगळे. हे काम एकट्याचे नसते, म्हणून पंचायत समितीकडे हातपंप दुरुस्तीची पथके असतात.

जंगलातील छोट्या वस्त्यांत सौर दुहेरी पंपाची योजना आढळते. एकाच बोअरमध्ये हातपंप आणि सौरऊर्जेवर चालणारा पाणबुडी पंप दोन्ही बसवतात. ऊन असताना पाणी उंचावरच्या टाकीत चढते आणि नळाने वस्तीत जाते, ढगाळ दिवसांत हातपंप चालतो. वीज खंडित होणाऱ्या भागाला ही रचना सोयीची आहे, पण बिघाड शोधणाऱ्याला पाइप, पंप आणि विजेचे पॅनेल तिन्ही कळावे लागते.

पाण्याचा गुणही कारागिराच्या कामात उतरतो. लोहाचे प्रमाण जास्त असेल तर तोट्या तांबूस होतात आणि जाळ्या बुजतात. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर कमाल १.५ मिलिग्रॅम धरली जाते. फ्लोराइडला रंग, वास, चव काहीच नसते. त्यामुळे नव्या बोअरला पंप बसवण्याआधी पाण्याची तपासणी सुचवणारा प्लंबर गिऱ्हाइकाच्या दातांचे आणि हाडांचे रक्षण करतो.

गावची नळयोजना

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे लक्ष्य ठेवले. गावोगावी वाहिन्या पडल्या आणि त्याबरोबर प्लंबरची मागणी वाढली. मुख्य वाहिनीवर सॅडल, म्हणजे पाइपाला आवळणारा पट्टा, बसवून त्यावरच्या फेरूल नावाच्या छोट्या जोडातून घरजोडणी काढतात आणि पुढे लवचीक पाइप अंगणापर्यंत नेतात. बांधणीचे काम ठेकेदाराचे असते आणि ते एकदा संपते. देखभाल मात्र कायमची असते आणि ती ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी आणि गावातला प्लंबर यांच्यावर येते. या मिशनमधील ‘नल जल मित्र’ कार्यक्रमात गावातील व्यक्तींना नळकामाबरोबर पंप, वीज आणि किरकोळ गवंडीकाम असे एकत्रित प्रशिक्षण देण्याची कल्पना आहे. ग्रामीण नळकारागिराला एका व्यवसायाची चौकट पुरत नाही, हे त्यात मान्य केलेले दिसते.

बहुतेक गावांत पाणी ठरावीक वेळीच सुटते. पुरवठा थांबला की वाहिनी रिकामी होत जाते आणि आत ओढ निर्माण होते. त्या वेळी पाइप नालीतून जात असेल आणि सांधा गळका असेल, तर नालीचे पाणी आत खेचले जाते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर घरात येते. काही जण जास्त पाण्यासाठी थेट नळालाच टिल्लू पंप लावतात. त्याने ही ओढ आणखी वाढते आणि शेवटच्या घराचे पाणी तुटते. घरजोडणी नालीच्या वरून, वेगळ्या नळीत घालून नेणे आणि टिल्लू पंप लावून देण्याचे काम नाकारणे या दोन गोष्टींचा संबंध सबंध गावाच्या आरोग्याशी आहे. वैनगंगेला पूर आला की काठच्या गावांत हा धोका वाढतो. तेव्हा विहिरी व टाक्यांत ब्लीचिंग पावडर टाकण्याइतकेच गळके सांधे शोधणेही गरजेचे ठरते.

निचरा, ट्रॅप आणि शोषखड्डा

सांडपाणी दाबाने वाहत नाही, उताराने वाहते. चार इंची पाइपाला ४० ला १ आणि सहा इंचीला ६० ला १ हा रूढ उतार आहे. म्हणजे चार इंची पाइपाच्या तीन मीटरला साडेसात सेंटिमीटर उतार. पाइप सपाट राहिला तर मैला जागीच बसतो. उतार फार तीव्र झाला तर पाणी पुढे पळते आणि मैला मागे राहतो. दोरी, लेव्हल आणि टेप एवढ्यावर हे साधते, पण चर बुजवण्याआधी मोजले तरच.

प्रत्येक भांड्याखाली ट्रॅप असतो. त्याच्या वाकात थांबलेले पाणी, साधारण ५० मिलिमीटरचे, खालचा वायू घरात येऊ देत नाही. बाथरूम कितीही धुतले तरी वास येत असेल, तर बहुतेक वेळा नहाणी ट्रॅप गाळलेला असतो किंवा महिनाभर बंद घरात त्यातले पाणी आटलेले असते.

चामोर्शी परिसरातील खेड्यांत भूमिगत गटारे नाहीत, त्यामुळे मैल्याची सोय प्रत्येक घराला स्वतःच करावी लागते. घरकुल योजनेत गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांसाठी मूळ अनुदान १ लाख ३० हजार रुपये आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये ठरलेले होते. एवढ्या रकमेत दोन शोषखड्ड्यांचे शौचालय सर्वांत सोयीचे पडते. एक खड्डा वापरात आणि दुसरा बंद, मधल्या चेंबरमध्ये तोंड फिरवण्याची सोय. भरलेल्या खड्ड्याला वर्ष-दोन वर्षे विश्रांती दिल्यावर त्यातील मैल्याचे खत होते. हा भाग धानाचा आहे आणि पावसाळ्यात बांधाजवळची भूजलपातळी जमिनीलगत येते. तिथे खड्डा उथळ आणि उंचवट्यावर घ्यावा लागतो आणि विहीर किंवा बोअरपासून साधारण दहा मीटर अंतर राखावे लागते. एकच खोल खड्डा खोदून काम उरकण्याचा मोह जागोजागी दिसतो. पिण्याचे पाणी दूषित होण्याचे ते मोठे कारण आहे.

कमाई आणि वर्षाची घडी

कामाचे दर तीन पद्धतींनी ठरतात. किरकोळ दुरुस्तीला फेरीची मजुरी, नव्या घराला प्रत्येक पॉइंटमागे किंवा एका संडास-बाथरूममागे ठोक रक्कम आणि ठेकेदाराकडे रोजी. सामान बहुधा मालक घेतो. काही दुकानदार प्लंबरला कमिशन देतात, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या मनात संशय राहतो. बिल मालकाच्या नावाने घेऊन मजुरी वेगळी सांगणारा कारागीर हा संशय टाळतो.

वर्षभर काम सारखे नसते. दिवाळीनंतर धान निघून हाती पैसा येतो आणि घरबांधणी सुरू होते ती मे अखेरपर्यंत चालते. उन्हाळ्यात बोअरची कामे जोरात असतात. पावसाळ्यात बांधकाम थांबते आणि तुंबलेले निचरे, जळलेले पंप एवढेच उरते. अनेक कारागीर त्या काळात स्वतःच्या शेतीकडे वळतात. मजुरीची उधारीही पिकाशी बांधलेली असते. रोवणीच्या वेळी केलेल्या कामाचे पैसे धान विकल्यावर मिळणे हे इथे नेहमीचे आहे. मराठी, गोंडी, बंगाली आणि तेलुगू बोलणारी गिऱ्हाइके एकाच तालुक्यात असल्यामुळे दोन-तीन भाषांत काम समजून घेता येणारा कारागीर पुढे जातो.

धोके आणि कायदा

गुडघे आणि पाठ यांची झीज ही या धंद्याची हळूहळू होणारी हानी. अचानक होणारे अपघात निराळे. भिंत फोडताना आतली वायर लागणे, ओल्या हाताने पंपाचा स्टार्टर धरणे, तुंबलेल्या पाइपात ओतलेले अ‍ॅसिड अंगावर उडणे, व्हॉल्व्ह चेंबरचे झाकण उचलताना साप-विंचू निघणे. सर्वांत घातक धोका सेप्टिक टाकीचा. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात, प्राणवायू कमी असतो आणि उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तसाच अडकतो. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय अशा टाकीत माणूस उतरवणे गुन्हा ठरवले आहे. अशा सफाईत होणाऱ्या मृत्यूंसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. टाकी उपसण्याचे काम यंत्राचे आहे. प्लंबरने ते अंगावर घेऊ नये.

नळकाम हे बांधकाम कामगारांच्या कायद्याखाली येते. मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कारागिराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी आणि अपघातासाठी साहाय्य मिळू शकते. सुटी कामे करणाऱ्याला ९० दिवसांचा दाखला गोळा करणे अवघड जाते, म्हणून तो काम चालू असतानाच घ्यावा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत राजमिस्त्री आहे, प्लंबर नाही. त्यामुळे त्या योजनेचे अवजारांचे अनुदान या कारागिराला मिळत नाही.

पुढच्या वाटा

गावात टिकायचे तर पंप आणि विजेचे काम शिकून घेणे हा सरळ मार्ग आहे. दुसरा मार्ग उद्योगाचा. चामोर्शी तालुक्यातच कोनसरी येथे पोलादाचा प्रकल्प उभा राहिला आहे. अशा ठिकाणच्या पाइपलाइनला फ्लँज, गॅस्केट आणि वेल्डिंगचे ज्ञान लागते, जे घरगुती प्लंबरकडे नसते. तिसरा मार्ग स्थलांतराचा. ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्यातील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या देशभर नळकाम करून जिल्ह्याची ओळखच त्यावर उभी केली आणि तिथे पट्टामुंडाई येथे या विषयाची स्वतंत्र शासकीय संस्था आहे. आखातात जायचे असेल तर दहावी पास नसलेल्याला १९८३ च्या कायद्यानुसार परदेशगमनाची मंजुरी घ्यावी लागते. त्यामुळे आयटीआयबरोबर दहावी पूर्ण करणे फायद्याचे ठरते.

चौथी वाट गावातच राहून लहान ठेकेदार होण्याची आहे. तिला भांडवल फार लागत नाही. पाइप व्हाइस, डाय संच, दोन पाने, ड्रिल आणि पंप ओढण्याची साधने एवढ्यावर धंदा उभा राहतो. लागते ती अंदाजपत्रक लिहून देण्याची, चाचणी मालकासमोर करून दाखवण्याची आणि बुजवलेल्या लाइनचा नकाशा कागदावर काढून ठेवण्याची सवय. पुढच्या दुरुस्तीला भिंत कुठे फोडायची, हे त्या नकाशावरून कळते आणि मालक त्याच कारागिराला पुन्हा बोलावतो.